अंबूआत्याची तीन वाक्यं

आमच्या तंजावूरच्या घराचं जे सुख तेच त्याचं दुखणं होतं. पुढच्या दारात उभं राहिलं की नाकासमोर मागची विहीर दिसायची. रस्त्याला लागून ओटा, मग बैठकीची खोली, मध्ये उघडा चौक, चौकापलीकडे स्वयंपाकघर, त्यामागे परस, परसात विहीर आणि विहिरीपलीकडे मागच्या गल्लीत उघडणारं एक बुटकं दार. सगळं एका ओळीत. वारा पुढून शिरला की मागून बाहेर पडायचा, त्यामुळे भर उन्हाळ्यातही चौकाच्या कडेला जरा पाठ टेकता यायची. पण बोलणंही तसंच वाहत जायचं. विहिरीवर कोणी काही म्हणालं की ते समोरच्या वीणेच्या तारा विकणाऱ्या दुकानात ऐकू जाई. म्हणून आमच्याकडे सगळे हळू बोलत. अप्पा, म्हणजे माझे वडील, तालुका कचेरीत नोकरीला होते आणि चिडले की त्यांचा आवाज आणखी खाली जायचा. इतर मुलींचे बाप ओरडत, आमचे कुजबुजत, आणि खरं सांगते, ओरडणं परवडलं असतं.

हे आता या वयात लिहायला बसले त्याला कारण एस्तर. एस्तर ही तंजावूरला, मी आता परत येऊन राहते त्या गल्लीच्या टोकाला राहणारी, कॉलेजच्या ऑफिसात काम करणारी मुलगी. तिच्या चर्चमध्ये काही माणसांचा एक गट भरतो. मनात विश्वास आहे, पण घरी, कामावर, सासरी तोंड उघडत नाही, अशा लोकांना बोलतं करायचं, हे त्या गटाचं काम. कुणा म्हाताऱ्या बाईकडून तिने माझ्या आत्याचं ऐकलं आणि एका दुपारी येऊन माझ्यासमोर फोन ठेवला. ‘‘पाटी, त्यांना एवढं धैर्य कुठून आलं ते सांगा, आमच्या लोकांना उपयोग होईल,’’ म्हणाली. पाटी म्हणजे तमिळमधली आजी. मी ख्रिस्ती झालेले नाही, हे मी तिला आधीच सांगून टाकलं, उगीच तिच्या फोनची बॅटरी जायला नको. मग म्हटलं, धैर्याचं मला माहीत नाही बाई, शब्द कुठून आले ते माहीत आहे, तिथे मी हजर होते. पण फोनमध्ये तमिळमधून जे सांगितलं ते अर्धंच झालं. उरलेलं तमिळमध्ये येईना, कारण ते घडलं होतं आमच्या मराठीत. ते या कागदावर उतरवते आहे. देवनागरी मी लग्नानंतर नगरला शिकले. तिथे माझ्या सासूबाई माझं बोलणं ऐकून पदराआड हसत आणि मग मला जवळ बसवून अक्षरं गिरवायला लावत. आमच्या माहेरी हे अक्षर कोणाला येत नव्हतं. बाहेर तमिळ, शाळेत तमिळ आणि इंग्रजी, आणि उंबऱ्याच्या आत आमची तीनशे ठिकाणी ठिगळं लावलेली मराठी.

अंबूआत्या म्हणजे अप्पांची धाकटी बहीण. लवकर विधवा झाली आणि परत आली, ती आमच्या चुलीपाशीच राहिली. माझी आई, अम्मा, वरकाम करायची, पण चूल आत्याची. पहाटे तिने विहिरीत पोहरा सोडला की रहाटाचा आवाज यायचा, तोच आमचा गजर. मग ओल्या लुगड्यात ती चूल पेटवायची. आम्ही सोवळ्याला मडी म्हणतो, आणि आत्याची मडी इतकी कडक की स्वयंपाकघरात मांजरालासुद्धा बिचकून वावरावं लागे. तिच्या हातचं चिंच घातलेलं पिटलं, मिरगुंड घालून केलेलं सार, आणि मेतकूट! मेतकुटाची डाळ भाजायला घेतली की वास थेट पुढच्या रस्त्यापर्यंत जायचा आणि दुकानदार तारा गुंडाळता गुंडाळता मान वळवून बघायचा. ती जेवायची सगळ्यांच्या शेवटी, एकटी, चुलीकडे तोंड करून. तिला कोणी वाईट वागवत नव्हतं. तिच्याशी कोणी बोलतच नव्हतं. ‘‘मीठ आहे की?’’ ‘‘आहे की.’’ एवढ्यावर दिवस निघायचे.

मी शाळेच्या वरच्या वर्गात असताना तिला विषमज्वर झाला. गावातल्या मिशनच्या दवाखान्यात ठेवावं लागलं. तिथलं अन्न आमच्यात चालत नव्हतं, तिथे कोणी मुक्कामालाही राहिलं नाही. अप्पा सकाळी कचेरीत जाताना खिडकीतून चौकशी करत आणि अम्मा तांदळाची पेज पाठवी. बाकी आत्या त्या लांब खोलीत एकटी. तिथे ज्ञानम्माळ नावाची एक बाई रोग्यांच्या उशाशी बसून त्यांना बायबल वाचून दाखवी. पांढरी साडी, काळी छत्री आणि डावं मनगट वाकडं. आत्याने तिला पहिल्याच दिवशी सांगितलं, मला काही वाचून नको, बसायचं तर नुसती बस. आणि ती बाई खरोखर नुसती बसली. रोज बसली. आत्या पुढे मला सांगायची, ‘‘ती उठून गेली तरी कोण तरी बसलेलं असाचं गे. खुर्ची रिकामी, पण बसलेलं असाचं.’’ मी हसायची. ती हसत नसे.

बरी होऊन घरी आली ती पूर्वीचीच आत्या, तीच मडी, तेच सार. फक्त शुक्रवारी दुपारी अप्पा कचेरीत आणि अम्मा झोपलेली असताना मागच्या बुटक्या दाराची कडी वाजे. ज्ञानम्माळ कढीपत्ता मागायला येई. इतका कढीपत्ता लागणारी बाई मी अजून दुसरी पाहिली नाही. दोघी विहिरीच्या पलीकडच्या पायरीवर बसत, आणि मी शाळेतून लवकर आले की चौकातून ऐकत असे, पुढे पुढे त्यांच्यापाशीच जाऊन बसू लागले. आत्याला काहीतरी म्हणायचं होतं आणि तिला ते म्हणता येत नव्हतं, एवढं मला समजलं होतं.

ज्ञानम्माळची एक रीत होती. तिने किती बायकांना बोलतं केलं असेल कोण जाणे, पण रीत एकच. वाक्यं तीनच करायची: मी कोण होते, त्याने काय केलं, आता मी कोण आहे. ती आधी भिंतीला सांगायची. भिंतीला सांगताना जीभ अडखळेनाशी झाली की मग जो मारणार नाही अशा माणसाला सांगायची. आणि मग जो मारेल त्याला. त्याआधी चर्चमध्ये उभं राहून बोलायचं नाही, असं ती बजावायची. चर्चमध्ये सगळे हल्लेलुया म्हणतात, तिथे बोललेलं मोजत नाहीत, म्हणायची. एस्तरला हे ऐकून नवल वाटलं. त्यांच्याकडे सगळे माइकवरच सुरुवात करतात.

पण आत्याचं पहिल्याच वाक्याला अडलं. ज्ञानम्माळच्या सगळ्या बायकांचं पहिलं वाक्य तमिळमधलं आणि ठरलेलं, ‘मी पापी होते’. आत्या म्हणाली, हे मी म्हणणार नाही. मग माझ्याकडे वळून मराठीत, ‘‘पाप कराला वेळ कुठं होता गे मला? पहाटेपासून चुलीपुढं.’’ मी ते ज्ञानम्माळला तमिळमध्ये सांगितलं. ज्ञानम्माळ हसली नाही, रागावलीही नाही. ‘‘मग काय होतात ते म्हणा. तुमच्या भाषेत म्हणा. त्याला कळतं,’’ एवढंच म्हणाली, कढीपत्ता छत्रीत टाकला आणि गेली.

त्यानंतरचे कितीतरी दिवस आत्या आणि मी शब्द शोधत होतो. अभ्यासाला म्हणून मी परसात बसायची आणि ती चिंच कोळता कोळता पुटपुटायची. आमच्या मराठीत त्याच्यासाठी शब्दच नव्हता. देव म्हटलं की देवघरातले सगळे डोळ्यांपुढे येत. स्वामी म्हटलं की मठातले स्वामी. तमिळ बायबलमधले शब्द तिला परकी भांडी वाटत, त्यांत काही शिजवायला हात धजेना. शेवटी तिने ठरवलं, नुसतं ‘तो’ म्हणायचं. ‘‘तो कोण म्हणून विचारलं तर?’’ मी म्हटलं. ‘‘विचारलं तर नाव सांगते की. आधी विचारू देत,’’ ती म्हणाली. आणि एका दुपारी, हात चिंचेने बरबटलेले असताना, ती उठून विहिरीमागच्या भिंतीपुढे उभी राहिली आणि भाव सांगावा तसं सरळ बोलली:

‘‘मी एकली होती. तो येऊन माझ्यापाशी बसला. आतां मी त्याची.’’

भिंतीवर नारळाच्या झावळीची सावली हलत होती. मला रडू आलं. अशा घरात वाढल्यावर कोणाचं तरी मन असं उघड्यावर आलेलं मी पहिल्यांदाच बघत होते, आणि मला भीती वाटली, कोणीतरी अंगणात निजलेल्या मुलावर पांघरूण घालायला विसरावं तशी. आत्या वळून म्हणाली, ‘‘भिंत झाली. आतां तू. तू मारत नाहीस की?’’ आणि तिने तीच वाक्यं माझ्याकडे बघून पुन्हा म्हटली. दुसरी पायरीही झाली. तिसऱ्या पायरीला कोण, ते आम्हा दोघींना ठाऊक होतं.

आजोबांचं श्राद्ध आलं. आमच्याकडचं श्राद्ध म्हणजे आत्याची परीक्षा आणि दरवर्षी तिचा पहिला नंबर. कांदा नाही, मोहरी नाही, कच्ची केळी, कारली, उडदाचे वडे, तिळाचे लाडू, खीर, आणि हे सगळं रांधणारी माणसं त्याच घरची, त्याच कुळाची, मडीत, मनाने स्वच्छ. त्या पहाटे रहाट वाजला, आत्या ओल्या लुगड्यात आली, पण स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर थांबली. अप्पा चौकात दर्भ निवडत बसले होते.

‘‘अण्णा, आज मी शिजवत नाही.’’

अप्पांनी मान वर केली. ‘‘का? बरं नाही की?’’

‘‘बरं आहे. तुम्हाला सांगाचं आहे.’’ आणि तिने सांगितलं. शब्द एकही इकडचा तिकडे झाला नाही. मी खांबाला धरून उभी होते.

‘‘तो कोण?’’ अप्पांनी विचारलं.

‘‘येशू,’’ आत्या म्हणाली.

आमच्या घरात ते नाव पहिल्यांदा उच्चारलं गेलं. अप्पांनी पुढच्या दाराकडे बघितलं. दार उघडं होतं, दुकानदार फळ्या काढत होता. अप्पांचा आवाज अगदी खाली गेला. ते वाईट माणूस नव्हते, हे मी आजही म्हणते. ते म्हणाले, ‘‘मनात काय असेल ते असू दे अंबू. मनात कोण बघाला येतं? मी विचारलं की कधी? तोंडानं बोलाचं नाही, एवढंच. जा, चूल पेटव. ब्राह्मण येतील.’’

‘‘आपल्या बाबांचं श्राद्ध आहे अण्णा. मला पटत नाही ते मी मडीत रांधून वाढलं तर तुमचं सगळं खोटं होईल की. तुम्हाला मी खोटं वाढू?’’

‘‘मला चालतं.’’

‘‘मला चालत नाही,’’ आत्या म्हणाली.

हे एस्तरला मी पुन्हा पुन्हा सांगितलं, कारण तिला वाटत होतं की आत्या श्राद्धाच्या विरोधात उभी राहिली. तसं नव्हतं. भाऊ करत होता त्या श्राद्धाचीच तिला काळजी होती. ज्या हाताने रांधलं जातं तो हात कोणाचा हे घरच्या माणसाला कळलं पाहिजे, हा आमच्याच चुलीचा नियम, आणि तिने तो जन्मभर पाळला होता. तिला खरंच वाटलं होतं की अण्णा हे समजून घेतील. तिची चूक म्हणायची तर एवढीच.

अम्माने घाईघाईने स्वयंपाक केला. वडे जरा करपले. ब्राह्मण आले, पाय धुऊन बसले, पानं मांडली गेली, वाढून झालं. त्यांतले थोरले दरवर्षी येणारे. पानावरचा वडा बघून ते सहज म्हणाले, ‘‘अंबुजाबाई दिसत नाहीत की?’’

‘‘ताप आहे,’’ अप्पा म्हणाले.

घर सरळ रेषेतलं. आत्या विहिरीच्या पायरीवर बसली होती. तिने ऐकलं. ती उठली, परसातून चौकाच्या कडेपर्यंत आली, आत पाऊल घातलं नाही, आणि म्हणाली, ‘‘मला ताप नाही.’’ मग तिने ती वाक्यं पुन्हा म्हटली आणि या वेळी कोणी विचारण्याआधीच नावही सांगितलं. तिला गप्प बसता आलं असतं. खूप वर्षं मी स्वतःलाच विचारत होते, का नाही बसली? पहाटे तर सांगून झालं होतं. पण तिच्या नावाने खोटं बोललं गेलं होतं, आणि तेसुद्धा बापाच्या पानापुढे.

थोरल्या ब्राह्मणांनी पानाभोवती फिरवायला हातात घेतलेलं पाणी खाली सोडलं आणि उठले. धाकटे त्यांच्याकडे बघून उठले. कोणी रागाने बोललं नाही. ‘‘राव, हे होणार नाही,’’ एवढंच म्हणून ते चपला घालून ओट्यावरून उतरले. वाढलेली पानं तशीच राहिली. खिरीवर माशी बसली, आणि अम्माला ती हाकलायचंही सुचेना. अप्पांनी पिंड उचलून परसातल्या भिंतीवर नेऊन ठेवला आणि मागे सरून उभे राहिले. कावळे येतील असं आम्हाला कोणालाच वाटलं नव्हतं. कावळे आले. नेहमीसारखे भांडत आले, पिंड खाल्ला, उडून गेले. आजोबांना चाललं, असाच त्याचा आमच्यातला अर्थ. अप्पांनी बघितलं, आत्याने बघितलं, मी बघितलं.

मग अप्पा विहिरीवर गेले. अंगावरच्या धोतरासकट उभे राहिले आणि पोहरा ओढून डोक्यावर ओतला. पुन्हा ओढला, पुन्हा ओतला. अम्माने ‘‘नको हो,’’ म्हणत तोंडावर हात घेतला, तेव्हा मला समजलं ते काय करत आहेत. माणूस मेलं की त्याच्या नावाने करतात ती आंघोळ. आत्या हाताच्या अंतरावर उभी होती, तिच्या पायांवर शिंतोडे उडत होते. अप्पांचे ओठ निळे पडले होते. ते तिच्याकडे न बघता, तिच्या बाजूने, भिंतीच्या कडेने आत गेले, आणि त्यानंतर त्यांनी तिच्याकडे कधी बघितलं नाही. मला त्या क्षणी त्यांचा इतका तिटकारा आला की पोहरा उचलून त्यांच्या पाठीत घालावासा वाटला.

संध्याकाळी ती मागच्या दाराने गेली. अम्माने तिच्या गाठोड्यात लुगडी आणि मेतकुटाचा डबा घातला. ज्ञानम्माळ गल्लीत छत्री घेऊन उभी होती. मी तिच्यावर धावून गेले, तमिळमध्ये जे तोंडाला येईल ते बोलले. जो मारेल त्याला सांगा म्हणायला तुमचं काय जातं, मार तिने खाल्ला, असंही म्हटलं. ज्ञानम्माळने ऐकून घेतलं. मग डावं मनगट उजव्या हातात धरून म्हणाली, ‘‘मी सांगितलं त्या दिवशी माझ्या नवऱ्याने हे मोडलं. मला माहीत नसताना मी कोणाला पाठवत नाही, कण्णू.’’ तिने मला कण्णू, म्हणजे बाळ, म्हटलं तरी माझा राग गेला नाही. आजही पुरता गेलेला नाही. मार माहीत असला म्हणून दुसऱ्याला त्याच्या वाटेवर न्यावं का, हे मी एस्तरलाही विचारलं.

आत्याला तिरुवैयारूला, चर्चने चालवलेल्या निराधार बायकांच्या घरात ठेवलं. तिथे ती पुन्हा चुलीपाशीच. मी शनिवारी तिरुवैयारूला गाणं शिकायला जात असे. बस कालव्यांवरून, भाताच्या खाचरांमधून जायची, आणि गाण्यानंतर परतीच्या बसला वेळ असायचा. अम्मा माझ्या पिशवीत काहीतरी पुडी घालायची आणि कुठे नेतेस म्हणून विचारायची नाही. आत्या नदीच्या काठावरच्या पायरीवर बसून ती पुडी हुंगायची. तिथे तिला पाणी दिलं, बाप्तिस्मा झाला. ‘‘अण्णांनी माझ्या नावानं आंघोळ केली. मग माझी पण झाली,’’ असं म्हणाली आणि काविरीकडे बघत बसली.

मग मोठी सभा भरली, शामियाना, माइक, गावोगावचे लोक. राव घराण्यातली ब्राह्मण विधवा आपली साक्ष देणार, असं आधीच पुकारलं होतं. मी मागे उभी होते. एका उपदेशकाने तिला वाक्यं शिकवून ठेवली होती, की मी सैतानाच्या घरात होते, मूर्तींच्या अंधारात होते. ती माइकपुढे उभी राहिली आणि मोडक्या तमिळमध्ये म्हणाली, ‘‘माझ्या भावाचं घर सैतानाचं नाही. तिथे खोटं बोलू नये म्हणून मी बाहेर आले. इथे कसं बोलू?’’ मग आपली तीन वाक्यं आमच्या मराठीत म्हणाली. त्या सगळ्या गर्दीत ती समजलेली माणसं दोनच, ती आणि मी. हल्लेलुया कोणी म्हटलं नाही. तिला परत कधी बोलायला बोलावलं नाही, आणि त्या घरातल्या बायकाही तिच्याशी जपून वागू लागल्या. तिथेही मग तेच झालं, मीठ आहे का, आहे. दोन्हीकडची दारं लावून घेतली गेली, मी आता असं म्हणते. ती तसं म्हणाली नाही. ती म्हणायची, बसणारा बसलेला आहे की.

पुढच्या थंडीत तिच्या छातीने दगा दिला. खोकल्यातून रक्त आलं आणि थोड्याच दिवसांत ती गेली. निरोप घेऊन ज्ञानम्माळ भर दुपारी, पुढच्या दाराने आली. ओट्याखाली उभी राहून तिने सांगितलं. अप्पा ओट्यावर बसलेले होते. अम्माने आतून हळूच विचारलं, ‘‘आंघोळ?’’

‘‘झालीय की तिची आंघोळ,’’ अप्पा म्हणाले. ‘‘मेलेल्या माणसाची परत कराची नसते.’’

मी कोणाला विचारलं नाही. चप्पल घातली आणि ज्ञानम्माळच्या मागून चालू लागले. बसमध्ये तिने माझा हात धरला, मी धरू दिला. दफनभूमी नदीजवळ, मऊ मातीची. प्रार्थना झाली आणि पाळकांनी रीतीप्रमाणे विचारलं, घरचं कोणी दोन शब्द बोलणार का? ज्ञानम्माळने माझ्याकडे बघितलं नाही, मला ढकललं नाही. मी आपण होऊन पुढे झाले आणि म्हणाले, ‘‘ती एकली होती. तो येऊन तिच्यापाशी बसला. आतां ती त्याची.’’ माझा विश्वास होता का? नव्हता. पण तिचा होता, आणि तो तिच्या भाषेत सांगू शकणारं तिथे दुसरं कोणी नव्हतं. मग आम्ही मूठमूठ माती टाकली.

मातीला जाऊन आलेल्याने आंघोळीशिवाय घरात शिरायचं नाही. मी मागच्या गल्लीने आले, बुटकं दार ढकललं. अप्पा विहिरीवर उभे होते. मला वाटलं, आज माझ्याही नावाने आंघोळ करणार. त्यांनी पोहरा सोडला, रहाट वाजला, आणि त्यांनी भरलेला पोहरा माझ्या डोक्यावर ओतला. आणखी एक ओतला. त्यांचं धोतर माझ्या पाण्याने भिजलं, ते बाजूला सरले नाहीत.

‘‘तिथं कोण बोललं?’’ त्यांनी विचारलं.

‘‘पाळक. मग मी.’’

‘‘तू काय सांगटलीस?’’

ज्ञानम्माळची तिसरी पायरी आता माझ्यापुढे होती. केसांतलं पाणी डोळ्यांत जात होतं. मी खाली बघत, आमच्या घरच्या आवाजात, पुटपुटत ती वाक्यं म्हटली. अप्पा हलले नाहीत. त्या श्राद्धाच्या दिवशी त्यांनी फक्त नाव ऐकलं होतं आणि पुढचं दार बघितलं होतं. पहिलं वाक्य तेव्हा कानावर पडलं होतं, पण पोचत होतं आज.

‘‘एकली होती म्हणून सांगटली?’’ ते म्हणाले. ‘‘आपल्या घरात?’’

‘‘हो.’’

त्यांनी पोहरा कठड्यावर ठेवला. त्यांचे कान चांगले होते, शेवटपर्यंत चांगले राहिले. तरी ते माझ्या जवळ आले आणि म्हणाले, ‘‘मोठ्यानं सांग. मला ऐकू येत नाही.’’

मी मान वर केली आणि मोठ्याने सांगितलं. अम्मा चौकातून उठली, बैठकीच्या खोलीतून पुढे गेली, आणि तिने रस्त्यावरचं दार लावून घेतलं.